चौदा दुकानं आणि एक कोपरा

मी आखातात, करामा नावाच्या वस्तीत आलो तेव्हा सगळ्यात आधी कानात बसला तो शटरचा आवाज. दुपारच्या सुट्टीनंतर चार वाजता आमच्या गल्लीतली चौदाच्या चौदा शटरं एकदम वर जायची. मी रत्नागिरीहून नवाच आलेला शिंपी. दचकायचो आणि सुई बोटात जायची. आता गिऱ्हाईक मॉलमध्ये जातं आणि शटरं आपापल्या सवडीनं उघडतात. दुकानात गिऱ्हाईक नसलं की किस्से साठत जातात, कपाटात चिंध्या साठतात तसे. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे जमेल तसे सांगतो.

*

सुरुवात केली केतकीनं. किराणावाल्या साठ्यांची मुलगी, इथेच वाढलेली. बाजारपेठा सुधारायच्या कुठल्याशा ऑफिसात काम करते.

"काका, एकेकटं दुकान नाही चालणार आता. आपण सगळ्या गल्लीचं मिळून एक शॉपिंग डिस्ट्रिक्ट करू. दिवे, बाकं, सफाई सगळं एकत्र. बलदियाची परमिशन मी आणते." बलदिया म्हणजे इथली नगरपालिका.

मीटिंग ठरली. पण दुकान नजरेआड करायला कोणी तयार नाही. शेवटी गल्लीच्या मधोमध उभे राहिलो, प्रत्येकाचं तोंड आपापल्या दुकानाकडे आणि पाठ एकमेकांना. केतकी मध्ये.

"मी बोलू कोणाशी? सगळ्या पाठीच दिसतायत."

"तू बोल गं," हमीद म्हणाला. "दुकानदाराचे कान मागेच असतात."

हमीद माझ्या गावचा. गल्लीच्या तोंडाशी त्याचा फोटो स्टुडिओ. केतकीनं प्लॅन सांगितला. रस्त्यावरची माणसं आत वळायची तर तोंडाशी एक कॅफे हवा. कॅफेवाला तयार आहे. गल्लीतल्या गाळ्यांच्या मालकाचीही तीच अट आहे, नाहीतर तो बाकं ठेवू देणार नाही.

तेव्हा मात्र सगळ्या माना एकदम वळल्या, हमीदच्या दुकानाकडे. तिथे कॅफे म्हणजे हमीदनं शटर ओढून गावाला जायचं.

"मला काय बघताय," हमीद म्हणाला. "पुढचं बोल, केतकी."

*

मग गल्लीतून रोज किती माणसं जातात ते मोजायचं ठरलं. हे काम कुट्टीकडे दिलं. कुट्टी केरळचा, त्याचं चहाचं दुकान. दारात बसून वहीत रेघा मारायचा.

आठवड्यानं केतकी वही बघून खूश झाली. "कुट्टी अंकल, इतके लोक? मग आपल्याला प्लॅनची गरजच काय?"

मी वहीत डोकावलो. दुपारी साडेचारला सगळ्यात जास्त रेघा. साडेचारला आम्ही सगळे कुट्टीकडे चहाला जातो. जाताना एक रेघ, येताना एक रेघ.

"तो क्या हुआ?" कुट्टी म्हणाला. "आदमी तो आदमी है. तुमको नहीं गिनूँगा तो किसको गिनूँगा?"

*

बाकांचं माप घ्यायच्या दिवशी केतकीची मोजपट्टी घरी राहिली. मी गळ्यातली टेप काढली आणि दोन खांबांमधली जागा मापून आकडा सांगितला. तिनं लिहून घेतला.

बाकं आली ती खांबांमध्ये बसेनात. दोन इंच जास्त.

"काका, तुम्ही नीट मापलं होतं ना?"

"नीटच मापलं. दोन इंच दाबात धरले, शिलाईला सोडतात तसे."

"कशासाठी?"

मी आपलं शिंप्याचं कारण सांगितलं. चाळीस वर्षं प्रत्येक मापात दोन इंच जास्तच सांगत आलोय. पोरं वाढतात, कापड आटतं.

केतकीनं खांबाला हात लावला. "काका, फुटपाथ आटतो का हो?"

बाकं अजून तिरकी उभी आहेत. गुडघे आपटतात, पण माणसं बसतात.

*

अर्जाला आणि माहितीपत्रकाला सगळ्या दुकानदारांचे फोटो हवे होते. केतकी म्हणाली मोबाईलवर काढते. हमीदनं ऐकलं नाही. एकेकाला स्टुडिओत स्टुलावर बसवलं, स्वतःच्या कंगव्यानं भांग पाडला, कॉलर सरळ केली.

"हमीद अंकल, प्लीज, स्माइलिंग फोटो हवेत. फ्रेंडली."

"इन्शाल्ला," हमीद म्हणाला.

पण जन्मभर व्हिसाचे फोटो काढलेला माणूस तो. कोणाच्या ओठाचा कोपरा हलला की कॅमेऱ्यामागून आवाज यायचा, "तोंड बंद. दोन्ही कान दिसू देत."

माहितीपत्रक छापून आलं. वर लिहिलेलं, आमच्या गल्लीत आपलं स्वागत आहे. खाली चौदा चेहरे, हातात पोलिसांची पाटी धरल्यासारखे.

केतकी कपाळाला हात लावून बसली. साठे म्हणाले, "राहू दे गं. त्यानं पैसे घेतले नाहीत. आणि बघ, एकाचाही भांग वाकडा नाही."

*

शेवटी राहिला तो कॅफेसकट सगळ्या प्लॅनला संमतीचा कागद. त्यावर चौदा सह्या हव्या होत्या, एकही कमी चालणार नव्हती. सगळ्यात वर हमीदनंच केली. बाकीच्यांनी त्याच्या खाली, मान खाली घालून केल्या. माझी एकट्याची राहिली.

पहिल्या दिवशी मी सांगितलं, चष्मा घरी राहिला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, दुरुस्तीला दिलाय.

तिसऱ्या दिवशी केतकी कागद घेऊन दुकानात उभी. "काका, आज लास्ट डे आहे. सगळं थांबलंय तुमच्यासाठी."

"दिसत नाही गं पोरी. भलत्याच जागी सही झाली तर?"

"चाचा, यल्ला, जल्दी करो," कुट्टी दारातून म्हणाला. "मैं उँगली रखता हूँ, उधर कर दो."

"तसं नको. वाचल्याशिवाय कसं करू?"

तेवढ्यात हमीद आत आला. त्यानं कागदाकडे पाहिलं, मग माझ्या शर्टाच्या खिशाकडे. खिशातून माझ्या चष्म्याची दांडी वर आलेली होती. मी हातानं झाकली.

हमीदनं स्वतःचा चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं दोन्ही काचा पुसल्या. मग वाकून माझ्या नाकावर बसवला, आधी एका कानामागे दांडी अडकवली, मग दुसऱ्या. हनुवटीला दोन बोटं लावून मान जराशी सरळ केली.

आम्हा दोघांचा नंबर एकच आहे. कागदावरचं अक्षर न् अक्षर दिसायला लागलं.

मी वर पाहिलं तोवर तो बाहेर पडला होता. भिंतीला हात लावत, तिरक्या बाकांना वळसा घालत, कोपऱ्यावरच्या आपल्या स्टुडिओकडे चालला होता.