दत्ताप्पांची वही आणि माझी पोच

दत्ताप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोस्टमनची वाट पाहत बसलो होतो. त्यांना रजिस्टर पोस्टाने धाडलेल्या पत्राची पोचपावती अजून परतली नव्हती...

दत्ताप्पा वडगावच्या विणकर घरातले. मागाच्या खडखडाटात इंग्रजी शिकले आणि बेळगावात तेच शिकवून निवृत्त झाले. मी न्यायालयात शिरस्तेदार होतो. मध्ययुगीन इंग्रजी काव्यातले दान आणि व्यापार हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. याचा वडगावला काय उपयोग, असे मी चिडून विचारी. ते सांगत, जुन्या काव्यातला राजा हातातले सोन्याचे कडे काढून योद्ध्याला देतो आणि योद्धा जन्मभर बांधला जातो. पुढे काव्यात व्यापारी येतो, किंमत ठरते, माणसे मोकळी होतात. "मोकळी म्हणजे एकमेकांपासून सुटी, शिरस्तेदार. आमच्या घरात नव्या मागावरची पहिली साडी इकत न्हाईत, देतात. का, ते ह्या इंग्रजांनी मला सांगितलं बघा."

त्यांच्या टिपणांवरून एकाने स्वतःच्या नावाने लेख छापला, तेव्हा संतापून मी चार पानी नोटिशीचा मसुदा केला. त्यांनी सही केली नाही. "मीच दिलतं की वो त्याला!" म्हणून हसले.

शेवटच्या भेटीत त्यांनी या विषयावरची हस्तलिखित वही माझ्या टेबलावर ठेवली. "ही तुमची." मी म्हणालो, "दोन ओळी लिहून द्या, आप्पा. उद्या वारसांनी हक्क सांगितला तर?" ते चहा अर्धा ठेवून गेले. मी मात्र त्याच संध्याकाळी पानांची संख्या, शाईचा रंग, मुखपृष्ठावरचा डाग यांसह रीतसर पोच लिहिली आणि दुसऱ्या प्रतीवर सही करून पाठवण्याची विनंती केली. इतक्या वर्षांच्या मैत्रीत मी त्यांना लिहिलेली शेवटची ओळ 'माहितीस्तव व पुढील कार्यवाहीस्तव' अशी आहे.

तेराव्यानंतर वही घेऊन वडगावला गेलो. त्यांची मुलगी सुमन हिने माग थांबवला.

"माझे पत्र मिळाले होते?"

"व्हय काका. वाचलं त्यांनी."

"काय म्हणाले?"

"काय न्हाय. घडी घालून उशाखाली ठेवलं."

रागाने, की मायेने? मी उलटतपासणी घ्यावी तसे तीनदा विचारले. तिला सांगता येईना. शेवटी वही पुढे केली. "कायद्याने ही तुझी."

तिने हात मागे घेतले. "आप्पांनी दिल्यालं परत घिऊ व्हय? त्येंचा शब्द मोडाय लावताय काय मला?" आणि माग पुन्हा सुरू केला.

वही माझ्याकडेच राहिली, कोणत्याही कागदाविना. पण माझेही वय झाले. ती पुढे द्यायलाच हवी होती. परवा निपाणीहून एक तरुण प्राध्यापिका आली, याच विषयावर काम करणारी. "ही तुमची," एवढेच मी म्हणालो. वही एका हाताने देत असताना दुसरा खिशातल्या पेनाकडे गेला... तो मी टेबलाखाली दाबून धरला. ती फाटकाबाहेर पडून रिक्षात बसली, तेव्हाच तो वर घेतला.