पन्नास हजारांच्या आत

आमच्या गाडीत शेंगदाणे खायला बंदी होती. पाणी प्यायचं तर गाडी थांबवून, खाली उतरून. आत बसण्याआधी चपला झटकायच्या आणि दार लावताना काचेला बोटं लावायची नाहीत. हे सगळे नियम माझ्या वडिलांचे. ते मोडायची संधीही कुणाला फारशी मिळत नसे, कारण गाडी मुळात घराबाहेरच पडत नसे.

वडील गाड्यांची सीट कव्हरं शिवतात, तीस वर्षं झाली. बाजाराच्या मागच्या गल्लीत, गॅरेज आणि टायरवाल्याच्या मध्ये त्यांचं दुकान आहे. एक शिलाई मशीन, रेक्झिनचे रोल, फोमचे तुकडे आणि दारात कुणाची तरी उघडी पडलेली सीट. गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणतात. दुसऱ्यांच्या गाड्या जपण्यात त्यांची उमर गेली. स्वतःची गाडी घेतली ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि तीही हौस म्हणून नाही. आईचे गुडघे गेले होते. स्कूटरवरून उतरल्यावर ती दोन मिनिटं भिंतीला हात लावून उभी राहायची आणि आम्ही दोघं रस्त्यावर काहीतरी बघत असल्यासारखं करायचो.

गाडीसाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा तीन बँकांनी नाही म्हटलं. काकांनी पूर्वी छापखाना काढला होता, त्याला वडील जामीन राहिले होते. छापखाना बुडाला, काका परगावी गेले आणि बँकेने वडिलांची मानगूट धरली. त्यांनी चार वर्षं फेडलं, अधूनमधून हप्ते चुकवत फेडलं. पैसे फिटले, पण चुकल्याची नोंद राहिली. तिसऱ्या बँकेतल्या मुलीने स्क्रीन आमच्याकडे वळवून आकडा दाखवला. वडिलांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला आणि आकडा पुन्हा पाहिला. तो तेवढाच होता.

शेवटी कर्ज मिळालं ते एका खासगी फायनान्सवाल्याकडून. त्याचं ऑफिस एका जिन्यावर होतं आणि व्याज बँकेच्या जवळजवळ दुप्पट. कर्ज मिळवून देणारा दलाल कायम टाय बांधून असायचा, म्हणून आम्ही त्याला टायवाला म्हणत असू. गाडी चार वर्षांची जुनी, मीटरवर बेचाळीस हजार किलोमीटर. टायवाल्याने वडिलांना समजावलं की दोन वर्षं एकही हप्ता चुकवू नका, गाडी चांगली ठेवा, मग मी कर्ज एका बँकेकडे वळवून देतो, व्याज निम्म्यावर येईल. फक्त तेव्हा गाडीची किंमत काढतील, आणि मीटर पन्नास हजारांच्या पुढे गेलेलं असलं तर किंमत एकदम खालच्या पायरीवर उतरते. ती बँक मग हात लावत नाही.

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात पन्नास हजार हा आकडा राहायला आला.

वडिलांनी आठ हजारांना चोवीसने भागलं आणि महिन्याला तीनशे किलोमीटर ठरवले. वरचे अडीनडीला. डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवली. तारीख, किलोमीटर, कारण. दवाखाना बारा. सर्व्हिसिंग चौदा. सीटवर त्यांनी आधी जाड प्लास्टिक घातलं, त्यावर स्वतः शिवलेलं तपकिरी कव्हर, त्यावर जुनी चादर. मूळ सीट कोणत्या रंगाची आहे हे मला आठवत नव्हतं. मी एकदा वैतागून म्हटलं की ही गाडी विकत घेणाऱ्या, कुठल्या कोण माणसाच्या बुडाखाली नवी कोरी सीट जावी म्हणून आपण तिघं उकडून मरतोय. वडिलांना राग आला नाही. त्यांना राग येण्याइतकं त्राणच नसायचं. ते म्हणाले, "कव्हर काढलं की किंमत गेली. दुकानात मी रोज बघतो."

मी एका तपासणी लॅबमध्ये काउंटरवर बसते. दिवसभर लोकांच्या रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या आणि घरी येऊन गाडीखाली तेल गळतंय का ते बॅटरी घेऊन बघायचं, अशी माझी दोन वर्षं गेली. हप्त्याच्या तारखेआधी चार दिवस वडील जेवताना बोलत नसत. माझ्या पगारातून भर घातली की मान खाली घालून वाटी पुसत राहत. मला त्यांची दया यायची आणि त्या दयेचाही कंटाळा यायचा.

आणि आई? जिच्यासाठी गाडी घेतली ती आई हळूहळू गाडीत बसायची बंद झाली. दवाखान्यात बसने जाऊन येते म्हणायची. बाजारातून चालत यायची, एका हातात पिशवी, दुसरा हात गुडघ्यावर. मी चिडले की म्हणे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नव्हतं हे मला माहीत होतं. वडिलांना वाटलं, बायको समजूतदार आहे, आपल्याला साथ देते आहे. मलाही तसंच वाटलं. माणसं एका घरात राहून किती कमी बघतात.

दुसरं वर्ष संपायला तीन आठवडे होते तेव्हा मावशीच्या सुनेचा फोन आला. मावशी आईची मोठी बहीण. आई सहा वर्षांची असताना आजी कामावर जायची आणि मावशीच आईला न्हाऊमाखू घालायची, तिच्या वेण्या घालायची. दीड वर्षापासून मावशीचं विसरणं सुरू झालं होतं. सून म्हणाली, आता कधीकधी मुलालाही ओळखत नाहीत. यायचं तर लवकर या. मावशीचं गाव एकशेनव्वद किलोमीटरवर, आणि तिकडे जायला बस दोनदा बदलावी लागते. आईच्या गुडघ्यांना गावातली बसही कशीबशी झेपत होती.

रात्रीच्या जेवणानंतर आईने स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि उलटं करून वडिलांसमोर ठेवलं. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने बारीक आकडे होते. सहा. चार. बारा. बारा. तीन. अशा रांगाच्या रांगा.

"हे काय?" वडिलांनी विचारलं.

"मी गाडीने गेले नाही, ते," आई म्हणाली. "ताईकडे जाऊन येऊन तीनशे ऐंशी लागतात. माझे चारशे बारा साठलेत."

एकेका आकड्यावर बोट ठेवून वडिलांनी बेरीज केली. मला मात्र रडू आलं आणि मी उठून भांडी घासायला घेतली. दोन वर्षं ती बाई दुखऱ्या पायांनी चालत बहिणीकडे निघाली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मग वडील बाहेर जाऊन मीटर बघून आले. एकोणपन्नास हजार पाचशे शहाऐंशी. पन्नासला चारशे चौदा कमी. जाऊन येऊन तीनशे ऐंशी, किंमत काढायला टायवाल्याच्या ऑफिसपर्यंत नऊ, शिल्लक पंचवीस. "बसतंय," ते म्हणाले. तीन आठवडे दुसरीकडे कुठे जायचं नाही, एवढंच.

रविवारी पहाटे निघालो. आई मागे एकटी बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत मावशीला आवडणारी खारी बिस्किटं. वडिलांनी पिशवीकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. रस्ता त्यांनी आदल्या दिवशी दोघा ट्रकवाल्यांना विचारून ठेवला होता. कुठे वळसा नको, कुठे चुकायला नको. आम्ही बरोबर एकशेनव्वद किलोमीटरला मावशीच्या दारात पोचलो, तेव्हा वडिलांच्या चेहऱ्यावर जरासं समाधान होतं.

मावशीने आईला ओळखलं नाही. आई तिच्या पायाशी बसली, हात हातात घेतला, लहानपणचं नाव सांगितलं. मावशी नुसतं गोड हसली, कुणाही पाहुण्याकडे बघून हसावं तसं. बिस्किटं घेतली, छान आहेत म्हणाली. असे दोन तास गेले. आई शेवटी उठली, तेव्हा भिंतीला हात लावून उभी राहिली, आणि या वेळी ते गुडघ्यांमुळे नव्हतं.

मावशी आम्हाला निरोप द्यायला दारापर्यंत आली. तिने गाडी पाहिली आणि तिचा चेहरा बदलला. ती सरळ वडिलांकडे गेली.

"अहो, मला घरी सोडाल का? उशीर झालाय. घरी धाकटी एकटीच आहे."

धाकटी म्हणजे आमची आई. ती तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

सून घाईने पुढे आली. त्या रोज असंच म्हणतात, तुम्ही निघा, मी बघते, असं म्हणून तिने मावशीचा दंड धरला. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. शिल्लक पंचवीस. वडिलांनी दाराचं हँडल धरलं, क्षणभर तसेच थांबले आणि मग मागचं दार उघडलं.

"बसा ताई. सोडतो."

आई मावशीशेजारी बसली. ज्या घरात त्या दोघी वाढल्या ते पाडून चाळीस वर्षं झाली होती, आणि ते या गावात नव्हतंच. मावशी मात्र रस्ता सांगत होती. डावीकडे घ्या. आता सरळ. पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे. टाकी कुठेच नव्हती. वडील ती सांगेल तिथे वळत होते. दहा किलोमीटर झाले, वीस झाले. पंचविसाव्याला त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि मीटरवर टाकला.

"हळू चालवा," मावशी म्हणाली. "धाकटीला गाडी लागते."

"लागते का?" आईने विचारलं.

"हो. मग मी तिचं डोकं मांडीवर घेते." असं म्हणून मावशीने हातातला बिस्किटांचा पुडा उघडला आणि एक बिस्कीट शेजारच्या बाईला दिलं. चुरा चादरीवर, चादरीवरून खाली. मी वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "खाऊ दे त्यांना." आईने बिस्कीट हातातच धरलं आणि हळूच डोकं मावशीच्या मांडीवर ठेवलं. मावशी तिच्या पांढऱ्या केसांतून बोटं फिरवत बाहेर बघत राहिली. मग तिने रस्ता सांगणं सोडून दिलं आणि वडील नुसतेच फिरत राहिले.

सत्तेचाळीस किलोमीटर झाले. मावशीला परत तिच्या दारात आणलं तेव्हा ती झोपेला आली होती. आलं का घर, असं तिने विचारलं. आलं, असं वडिलांनी सांगितलं.

परतीच्या वाटेवर आमचं घर तेरा किलोमीटर राहिलं असताना मीटर पन्नास हजारांवर गेलं. रुमाल तसाच होता, पण वडिलांना कळलं असणार. त्यांनी एकदा मान वळवून मागे पाहिलं. आई झोपली होती, चपलांसकट पाय सीटवर घेऊन.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या गॅरेजवाल्याला हे समजलं. तो हसलाच. मास्तर, एवढंच ना, पाच मिनिटांचं काम आहे, वर गेलेले तेरा आणि ऑफिसपर्यंतचे नऊ, बावीसच्या जागी पाचशे मागे घेऊन देतो, गल्लीत कोण घेत नाही? खोटं नव्हतं ते. वडिलांच्या दुकानासमोर रोज मीटरं मागे जातात. मीही म्हटलं, बाबा, घ्या करून. अजून तीन वर्षं दुप्पट व्याज भरायचं म्हणजे माझ्या पगाराचेही तीन तेरा होणार होते. मी स्वतःसाठीच बोलत होते, आणि ते लपवण्याइतकीही ताकद उरली नव्हती.

वडील मशीनवर बसले होते. कुणाच्या तरी नव्या गाडीचं कव्हर शिवत होते. त्यांनी पाय थांबवला.

"ते किलोमीटर तुझ्या आईचे आहेत," ते म्हणाले. "ते मागे नाही घ्यायचे." आणि परत पाय मारायला लागले.

किंमत खालच्या पायरीवर निघाली. टायवाल्याने हळहळ दाखवली आणि फोन उचलणं बंद केलं. छत्तीस हप्ते राहिले आहेत. हप्त्याआधी चार दिवस वडील अजूनही जेवताना बोलत नाहीत.

परवा गाडी झाडताना मी खणातली वही काढली. त्या रविवारच्या पानावर जाणं एकशेनव्वद, येणं एकशेनव्वद अशा दोन ओळी आहेत. मधल्या ओळीत सत्तेचाळीस, आणि कारणाच्या जागी वडिलांच्या त्या मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलंय: ताईंना घरी सोडलं.