सुंदरकाकीच्या बरणीतल्या गोळ्या

“शंभर टक्के वाटप झालं, साहेब!” मी छाती फुगवून सांगितलं.

“वाटप राहू द्या. गिळल्या किती?”

पोलादपूरच्या ऑफिसात माझ्या छातीतली हवा तिथेच गेली.

मी आरोग्यसेवक. भातलावणी आली की आम्ही लेप्टोवरच्या डॉक्सीच्या गोळ्या वाटतो. लेप्टो म्हणजे उंदराच्या मुतातून चिखलात उतरणारा जंतू. पायाच्या भेगेतून आत शिरतो. आधी ताप, मग कावीळ, मग किडनी. जेवून आठवड्याला एक गोळी घ्यायची, बस्स.

तसाच वाडीवर गेलो. चढ असा, की तिथल्या शेळ्यासुद्धा बसून उतरतात. पहिलं घर सुंदरकाकीचं. तिच्या टाचांच्या भेगांत रोप लावलं तर मणभर भात निघेल. मागच्या पावसात तिचा दीर हळदीसारखा पिवळा झाला, डायलिसिसवर कसाबसा वाचला. आणि ही उद्या सकाळी त्याच चिखलात उतरणार.

“काकी, गोळी घेतलीस?”

“ठेवलीय. महेश येल तवा मुंबैला नेल.”

“तुझी गोळी लेकाला?”

“सरकारी हाय, चांगली असनार. माज्या म्हातारीच्या पोटात घालून फुकट कशाला घालवू?”

कुळथाच्या पिठाशेजारी बरणीत माझ्या गोळ्या! घरोघरी तेच. लेकरं मुंबईत नवव्या मजल्यावर एसीत, आणि चिखलाचं औषध त्यांच्या गाठोड्यात.

मी समजावलं. भाषण संपेपर्यंत खुडूक कोंबडीची अंडी उबून पिल्लं चालायला लागली.

“बोलतोस बरा,” काकी म्हणाली. “च्या घे.”

शेवटी तिला फणसाखालच्या धोंड्यावर उभं केलं. फोनला रेंज तेवढ्याच जागी. महेशला व्हिडिओ कॉल लावला, सगळं सांगितलं.

“सर, इथे डबा भरलाय गोळ्यांनी! बायको विचारते, कसल्या ह्या? आये, आत्ता गिळ. नायतर गणपतीला येनार नाय!”

काकीचा चेहरा उतरला. “आसं नको बोलू रे!”

भाकरी खाल्ली, तांब्याभर पाण्यासोबत गोळी गिळली आणि फोनसमोर जीभ काढली. महेशला स्क्रीनवर जिभेशिवाय काही दिसेना.

मग अख्खी वाडी धोंड्यापाशी रांगेत. मुंबईत अकरा मुलगे कामं सोडून आयांच्या जिभा तपासत होते. शेवटची गोळी उतरली तेव्हा माझी बॅटरी एक टक्का.

लावणी संपेपर्यंत दर आठवड्याला हाच दरबार. वाडीत कोणी पिवळं पडलं नाही.

“गिळल्या?” साहेबांनी विचारलं.

“गिळल्या. साक्षीदार मुंबईत आहेत.”

हातापासून तोंडापर्यंत अंतर वीतभर. आमच्या तालुक्यात तो रस्ताही मुंबईवरून जातो.