गच्चीवरचे दहा चेंडू

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून भाचीचे गोलकीपरचे पॅड काढून उन्हात टाकले, आणि त्यांचा तो घामट, कुबट वास आला तशी मला शिंदे की छावनी या आमच्या जुन्या मोहल्ल्यातल्या घराच्या गच्चीवरची ती सकाळ आठवली. भाची हॉकी खेळायची, नोकरीही खेळावरच लागलेली. तिचा एक नेम होता बघा. दर वर्षी सीझनच्या आधी मी दहा पावलांवरून जोर लावून टेनिसचे दहा चेंडू फेकायचे, आणि एक जरी सुटला तर त्याच दिवशी तिचं खेळणं कायमचं बंद. त्या वर्षी जिना चढताना ती गुडघा धरून थांबली, ते मी पाहिलं आणि चेंडू जरा हळूच फेकले. दहाच्या दहा अडवले तिने! मी टाळ्या पिटत म्हटलं, "चल, आता पोहे खा." तिने हातमोजे काढून माझ्या हातात ठेवले. "मावशी, सच बोल, हळू फेकलेस ना?" "अगं, पण एकही सुटला नाही तुझा!" "तुलाच भरवसा नाही उरला ना? बस, हो गया," असं म्हणून तिने तिथूनच कोचला फोन लावून खेळ सोडल्याचं सांगून टाकलं. आता ती मुलींना शिकवते, मजेत आहे, मला कधी बोल लावत नाही. पण आज पॅड उलटताना पुन्हा तेच मनात आलं. मी नेहमीसारखे जोरात फेकले असते, तरी तिने कदाचित दहाही अडवलेच असते.