त्याच खोक्याचे दोन भाव

माझ्या नवऱ्याला एक विमान जुळवायचं होतं, आणि हात चालतात तोवर जुळवायचं होतं. पहिली गोष्ट त्यांनी मला सांगितली, दुसरी सांगितली नाही. ती कळेपर्यंतच्या आठ महिन्यांत मी काय करत होते, तर भावातला फरक समजावून सांगत होते. मी गणित शिकवते. समजावण्याची खोड शाळेतून घरी येताना फाटकापाशी ठेवून येता येत नाही.

हे तिरोड्याच्या वीज प्रकल्पात मीटर आणि गेज दुरुस्त करायचे. गोंदियाहून रोज रेल्वेने जाऊन-येऊन नोकरी केली आणि निवृत्त होऊन घरी बसले. छंद एकच, प्लास्टिकच्या विमानांची किट. खोक्यात चौकटींना चिकटलेले शंभर-दोनशे तुकडे येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची विमानं उडतात, ती आमच्या गच्चीवरून दिसतात, तिथून हे वेड लागलं असावं. मी आधी नाक मुरडलं. पण खरं सांगायचं तर त्यांना काम करताना बघायला मला फार आवडायचं. बोटं जाड, शेतकऱ्याच्या घरातली, पण तांदळाच्या कणीएवढा तुकडा चिमट्यात धरला की हात जराही हलायचा नाही. मी समोर बसून भाजी निवडायची आणि आम्ही तासन्‌तास काही बोलायचो नाही. लग्नातली माझी सगळ्यात चांगली वर्षं ती.

मार्चमध्ये माझं पेपर तपासणं चालू होतं, तेव्हा हे येऊन उभे राहिले.

"एक किट घ्याचं हाये," म्हणाले. "जुनं विमान, वर-खाली दोन पंखांचं. मधात बारीक तारा ओढा लागते त्याले. नागपूरच्या दुकानात एक आलं हाये."

"केवढ्याला?"

त्यांनी आकडा सांगितला. मी लाल पेन खाली ठेवला.

ह्यांच्या बहिणीचा मुलगा जपानात नोकरीला आहे. किट बनतंही तिथेच. मी त्याला खोक्याचा फोटो पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने त्याच्या स्टेशनजवळच्या दुकानातून उलट फोटो पाठवला. तेच चित्र, तोच नंबर, तेवढेच तुकडे. भाव मात्र आपल्या तिसऱ्या हिश्श्याने. मला राग आला. कुणी आपल्याला मूर्ख बनवतंय असं वाटलं की मला आधी राग येतो, मग हिशेब सुचतो.

नागपूरच्या दुकानदाराला मी फोन करून जाबच विचारला. तो थकल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, दस मंगाता हूँ, चार बिकते हैं. बाकी छह का किराया भी वही चार लोग देंगे ना." मग त्याने सगळं सांगितलं. खोकं वजनाला हलकं, पण जागा भरपूर खातं, म्हणून भाडं जागेचं लागतं. कायद्याच्या लेखी ते खेळणं, आणि खेळण्यांवर आयात शुल्क जबर. शुल्क धरून जी किंमत होते, तिच्यावर परत कर. मधला आणणारा आपला हिस्सा काढतो, तो वेगळा. तिकडे गल्लीगल्लीत गिऱ्हाईक आहे, कारखाना हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून त्यांना स्वस्तात परवडतं. कुणीच कुणाला लुबाडत नव्हतं. एकाच वस्तूवर वाटेत एकेक ओझं चढत जातं, आणि आपण रस्त्याच्या शेवटच्या टोकाला राहतो, एवढंच.

हे मला इतकं आवडलं की मी ते सातवीच्या वर्गात शेकडेवारीचं उदाहरण म्हणून फळ्यावर मांडलं. घरी ह्यांच्यासमोर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडलं. आपल्याकडच्या तांदळाचं बघा, म्हटलं. इथे गिरणीतून निघतो तेव्हा काय भाव असतो, आणि भाचा तिकडे भारतीय दुकानात दोन किलोची पिशवी घेतो ती किती महाग? आपला तांदूळ तिकडे जाऊन महाग होतो, त्यांचं विमान इकडे येऊन. हे ऐकत होते. हात मांड्यांखाली दाबून बसले होते. मला वाटलं, कंटाळले असतील.

"म्हणून येणाऱ्याच्या हाती मागवायचं," मी म्हटलं. ज्यांच्या घरातलं कुणी परदेशात असतं, त्यांच्याकडे हा रिवाजच झालाय. कुणी जाऊन दुकानात घेत नाही. यादी जाते, आणि येणाऱ्याच्या बॅगेतून सामान येतं. भाचा मे महिन्यात त्याच्या चुलत बहिणीच्या लग्नाला येणारच होता.

"मे पावतर काय?" ह्यांनी विचारलं.

"दोन महिन्यांत काय बिघडतंय?"

"नाई, काई नाई."

मे महिन्यात भाच्याला रजा मिळाली नाही. आता दिवाळीला नक्की, मामी, असं तो म्हणाला. त्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "नागपूरवरूनच घेऊन टाकू काय? होईन ते होईन."

मी पुन्हा समजावलं. दोन महिने थांबलोच आहोत, आता तिप्पट मोजले तर थांबणं वाया गेलं. शिवाय येन घसरलाय, म्हणजे आपल्याला आणखी स्वस्त. ह्यांनी मान हलवली आणि वरणात भात कालवत राहिले. किती वेळ कालवत होते, ते मला आज आठवतं. तेव्हा मी येनचा भाव मोबाइलवर बघत होते.

पावसाळ्यात त्यांनी दाढी वाढवली. मी म्हटलं, साधू व्हायचंय का आता? हसले. बटणांचे शर्ट सोडून बनियनसारखे टी-शर्ट घालू लागले. चहा अर्धाच कप मागू लागले; मला वाटलं, साखर सांभाळतायत, आणि शेजारच्या बाईला कौतुकाने सांगितलंसुद्धा. जुनी तयार विमानं कपाटातून काढून पुसायचे आणि परत ठेवायचे. एकाचं चाक मोडलं. ते त्यांनी चिकटवलं नाही, तसंच ठेवलं. एवढं सगळं माझ्यासमोर होत होतं आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. दुसऱ्यांच्या मुलांच्या वहीतली चूक मला लांबून दिसते.

दिवाळीला भाचा आला. खोकं त्याने कपड्यांत गुंडाळून आणलं होतं, कोपरासुद्धा दबला नव्हता. मी पैसे दिले, तो घेईना, शेवटी घेतले. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो मित्रांकडे गेला, तेव्हा मी टेबल पुसून दिलं, दिवा जवळ ओढला आणि कोथिंबीर घेऊन नेहमीसारखी समोर बसले.

ह्यांनी झाकण उघडलं. चौकटी एकेक करून बाहेर काढल्या, सूचनांचा कागद वाचला. मग बारीक पकडीने पहिला तुकडा कापला. तो उडून फरशीवर गेला. मी उचलून दिला. त्यांनी तो चिमट्याने धरायचा प्रयत्न केला, आणि चिमटा टेबलावर टकटक वाजायला लागला. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. टकटक थांबली नाही. दोघंही त्या हाताकडे बघत होतो.

त्यांनी चिमटा खाली ठेवला, आत गेले आणि एक फाइल आणून माझ्यापुढे ठेवली. नागपूरच्या डॉक्टरांची होती. मेंदूचा आजार, हळूहळू वाढणारा, बरा न होणारा. पहिल्या कागदावरची तारीख फेब्रुवारीची होती. त्या वेळी फक्त उजव्या हाताचं एक बोट हलत होतं, तेही कधीतरी. डॉक्टरांनी म्हटलं होतं, बारीक कामं आहेत ती सहा महिन्यांत करून घ्या.

म्हणजे मार्चमध्ये ते येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्या खिशात हे होतं.

मला रडू आलं नाही, रागच आला. माझ्यावर आला, पण निघाला त्यांच्यावर. "सांगायचं नाही का?" मी म्हटलं. "एवढं एकच वाक्य. तिप्पट काय, दहापट दिले असते मी. काऊन नाही सांगितलं?"

'काऊन' मी कधी म्हणत नाही, ते माझ्या तोंडून त्यांचंच निघालं. त्यांनी कापलेला तुकडा परत खोक्यात टाकला, चौकटी नीट रचल्या. झाकण लावायला त्यांना वेळ लागला, आणि मी मदत करावी की नाही हे मला ठरवता आलं नाही.

"सांगणार होतो," ते म्हणाले. "दोनदा आलो तुह्याजवळ. पण तू भाव समजावून राहिली होतीस. मले वाटलं, तू म्हणतेस ते बरोबरच असन."

बरोबरच होतं. मी नंतर तो हिशेब पुन्हा करून पाहिला. एका रुपयाचीही चूक नव्हती.