धानाच्या गाठी

सावली गावच्या मीराबाईच्या तोंडून कुणाचं कौतुक निघालं, तर तिला ताप भरला असं खुशाल समजावं. शेजारच्या ज्योत्स्नाचं पिठलं पातळ, विहारात वंदना म्हणणारा अजय नाकात बोलणारा, सरपंच तर नुसताच कडक इस्त्रीचा. नवरा सोमाजी ऐकून ऐकून बहिरा झाला असं लोक म्हणत. खरं तर त्यानं ऐकणं सोडलं होतं. आणि सून रिना तर घरातच, चोवीस तास हाताशी.

बुद्धपौर्णिमा जवळ आली तेव्हा रिनानं पेटीतली पांढरी मलमलची साडी काढली. तिच्या आईनं दिलेली. आई मागच्या वर्षी गेली, तेव्हापासून तिनं ती नेसली नव्हती. मोबाइलवर बघून बांधणी करायची, पंचशील ध्वजाच्या पाच रंगांत रंगवायची आणि तीच नेसून रॅलीत चालायचं, असं तिच्या मनात होतं.

"पाच रंग म्हणते अन् मागवले चारच!" मीराबाई कडाडली. "पांढरा तं लुगड्याचाच हाय, नाई का? बापा, मोठी हुशार!"

रिना बारीक खडे घेऊन बसली. खड्याभोवती कापड धरायचं, दोऱ्यानं करकचून आवळायचं. तिथे रंग शिरत नाही, पांढरा ठिपका उरतो. पण सून काही करते आहे आणि सासू नुसती बघते आहे, हे मीराबाईला कसं सोसावं?

"खडे काऊन बांधून राह्यली? घरात धान हाय ना! ठिपके कसे नाजूक येते पाह्य."

रिनानं खडे बाजूला सारले. त्या घरात बोलणं एकाच माणसाच्या वाट्याला आलं होतं.

मीराबाईनं बियाण्याच्या पोत्यातलं धान काढलं, साडी भिजवली आणि दाण्यादाण्यावर स्वतः गाठी मारल्या. रंग चंद्रपूरहून यायचे होते, पण ते आणणारा गावातला पोरगा, आदेश, कुठल्याशा लग्नात चार दिवस अडकला. "वाळलं तं गाठी सुटन," म्हणत तिनं गाठोडं ओल्या पोत्याखाली दाबून ठेवलं.

आता जी बाई दरवर्षी धान असंच भिजवून, असंच पोत्याखाली दाबून, मोड आणून पेरते, तिला हे कळू नये? पण दुसऱ्याची अक्कल काढण्यात गुंतलेल्या माणसाला स्वतःची वापरायला सवड कुठली!

रंग आले तेव्हा रिनानं पोतं उचललं. गाठीगाठीतून मोड बाहेर आले होते, मुळं मलमलच्या विणीतून आरपार. उपटले तिथे भोकं पडली. रिना एकेक भोक बोटानं चाचपत बसली.

मीराबाईची जीभ जन्मात पहिल्यांदा अडखळली. "चूक माही हाय," ती म्हणाली.

रिनानं वर पाहिलंसुद्धा नाही. "टोमणे नका मारू ना आई. चुकलं माह्याकडून."

जन्मभर तिरकं बोललेल्या बाईचं सरळ बोलणंही तिरकंच ऐकू आलं. मीराबाईला ते फार लागलं. ती उठली, तिनं स्वतः साडी रंगवली, वाळवली.

पौर्णिमेच्या सकाळी तिनं विचारलं, "हे आज मले नेसू देते?" रिनानं साडीची घडी तिच्या हातात ठेवली.

विहारासमोर ज्योत्स्ना फिसकन हसली. पातळ पिठल्याचा हिशेब बाकी होता. "काय मीराबाई, सुनेनं उंदराकडून रंगवून घेतली का साडी?"

बाया वळून बघू लागल्या.

"सुनेचं नाव नको घेऊ," मीराबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तो उंदीर मीच."

बाया खो खो हसल्या. मीराबाईनं मान खाली घालून ऐकून घेतलं. मागं उभी असलेली रिना मात्र हसली नाही. ती पुढं आली आणि सासूच्या खांद्यावरचा पदर भोकं झाकतील असा सारखा करू लागली.