टीव्हीवाला आणि डेल्मरची खुर्ची

व्हर्जिल हॅस्कल मूळचा आमच्याच गावचा. अठराव्या वर्षी बाहेर पडला, टीव्हीत शिरला आणि पुढे गाडीतच संसार थाटून सगळी अमेरिका हिंडला. कुणी लाकडाची बदकं कोरतो, कुणी रिकाम्या चर्चमध्ये एकटीच ऑर्गन वाजवते, अशी साधी माणसं शोधायची आणि रविवारी सकाळी देशाला दाखवायची, हा त्याचा धंदा. त्याच्या मधाळ आवाजात ऐकलं की शेजारच्या कटकट्या म्हाताऱ्यातही संत दिसायला लागे. कार्यक्रम संपला की म्हातारा पुन्हा कटकट्या.

निवृत्त झाल्यावर तो नेब्रास्कात, आमच्या गावी परत आला. आता आपल्या साध्या माणसांत राहायचं, म्हणाला. साध्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं.

माझ्या कॅफेत रोज सकाळी खिडकीजवळच्या टेबलावर सहा जण कॉफी पितात. खुर्च्या सहाच. सातवी ओढून घ्यायची पद्धत नाही. कुणी वर गेल्याशिवाय जागा होत नाही. व्हर्जिलला त्या टेबलावर बसायचं होतं. ज्याला देशाने डोक्यावर घेतलं त्याला गावाने एक खुर्ची द्यावी, एवढंच त्याचं मागणं. तो शेजारच्या टेबलावर एकटा बसे आणि मान वाकडी करकरून त्यांच्या गप्पांत डोकावे.

पण त्याला खोड कौतुकाची. आमच्याकडे एखादी गोष्ट फारच आवडली तर माणूस ‘वाईट नाही’ म्हणतो. त्याच्या पुढे गेला तर घरच्यांना काळजी वाटते. हा माझा दालचिनीचा रोल खाऊन डोळे मिटून म्हणाला, “आर्डिस, या रोलमध्ये अख्खं माळरान आहे गं.”

“केस निघाला का त्यात?” त्या सहांतल्या लोरेनने तिकडून विचारलं.

एकदा त्याने लोरेनच्या ट्रॅक्टरला ‘गंजलेला योद्धा’ म्हटलं, तेही ट्रॅक्टर बघायला आलेल्या माणसासमोर.

“अहो टीव्हीवाले,” लोरेन भडकला, “गिऱ्हाईक पळवता का माझं?”

मला व्हर्जिलची चीडही यायची आणि कीवही. कॉफी थंडगार झाली तरी बसून राहायचा बिचारा.

फेब्रुवारीत त्या टेबलावरचा डेल्मर स्टूबे गेला. त्याच्या खुर्चीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, पण व्हर्जिलची नजर तिच्यावर होती हे मी पाहिलं. डेल्मरची बायको व्हर्ना, तिने अंत्यविधीला चार शब्द बोलायला व्हर्जिललाच सांगितलं. बोलता येणारा गावात दुसरा होता कुठे? व्हर्जिलला वाटलं, आता खुर्ची आपलीच.

“डेल्मरच्या तळहातावर या मातीचा नकाशा होता,” त्याने सुरुवात केली. “तो कमी बोलायचा, कारण तो वाऱ्याचं ऐकायचा.” चर्चमध्ये सगळे हुंदके देत होते. मीही रडले; आवाजच तसा. कोरडी बसली होती ती एकटी व्हर्ना.

नंतर चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचं आणि जेलीचं सॅलड होतं. व्हर्जिल प्लेट घेऊन तिच्यापाशी गेला. “ठीक झालं ना, व्हर्ना?”

“फार छान माणूस होता,” ती म्हणाली. “तुम्ही सांगितलात तो. मला भेटला असता तर बरं झालं असतं.”

व्हर्जिलचा चेहरा पडला. त्याने हळूच विचारलं, “डेल्मर कसा होता?”

“वाऱ्याचं कसलं ऐकतोय? बहिरा होता तो. कानाला मशीन होतं, पण बॅटरी संपेल म्हणून काढून ठेवायचा. मी बोलायला लागले की तर नक्कीच.” आणि आता कुठे व्हर्नाला रडू फुटलं.

सोमवारी व्हर्जिल आला तो नेहमीच्या जागी बसलाच नाही. थेट खिडकीजवळच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा पुन्हा नकाशे काढणार.

“माझी शिडी नेली होती डेल्मरने,” तो म्हणाला. “मागायला गेलो की याला ऐकू यायचं नाही. छतावर हा एवढा बर्फ साचलाय, आता व्हर्नाकडे मागू तरी कुठल्या तोंडाने? मेला, पण शिडी नाही दिली मेल्याने!” आवाज फाटला होता. त्यात मधबीध काही नव्हतं.

“माझं ड्रिल आहे त्याच्याकडे,” लोरेन म्हणाला. त्याने पायाने डेल्मरची खुर्ची बाहेर ढकलली. “बस रे.”

व्हर्जिल बसला. मी कॉफी ओतली. त्याने डोळे पुसले, एक घोट घेतला आणि बोलायला तोंड उघडलं. मी किटली हातात धरून थांबले. बाकीच्यांनीही श्वास रोखले.

“पाणचट आहे,” तो म्हणाला.

“मग घरी जाऊन पी,” म्हणत मी त्याचा कप काठोकाठ भरला.